अष्टमांश रक्त आणि प्रकाशाचा स्तंभ

इ. स. १६६२ मध्ये व्हर्जिनिया या इंग्रजांच्या अमेरिकेतील वसाहतीत एक छोटासा कायदा झाला. वसाहतीत जन्मलेले मूल गुलाम समजावे की स्वतंत्र, हे त्याच्या आईच्या स्थितीवरून ठरवावे, एवढाच त्याचा मथितार्थ. इंग्रजी कायद्याची जुनी रीत याच्या नेमकी उलट होती. तेथे अपत्याचा दर्जा बापावरून ठरे. ती रीत मोडण्याचे कारण उघड होते. गोऱ्या पुरुषांपासून गुलाम स्त्रियांच्या पोटी जी मुले जन्मत, ती बापाच्या बाजूने मोजली असती तर स्वतंत्र ठरली असती. नव्या कायद्याने ती मालमत्ता ठरली. वकिलीच्या धंद्यात निर्दय कलमे पुष्कळ वाचावी लागतात; परंतु इतक्या थोड्या शब्दांत इतक्या पिढ्यांना बांधून टाकणारे दुसरे कलम मला आठवत नाही.

या कायद्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी, १८४० च्या सुमारास, त्याच व्हर्जिनियात सारा मिलर नावाची एक मुलगी गुलामगिरीत जन्मली. तिच्या आईने तिला उत्तरेकडे धाडून दिले. गुलामांना गुप्तपणे एका घरातून दुसऱ्या घरी, एका गावातून पुढच्या गावी पोचविणाऱ्या माणसांची एक साखळी त्या काळी होती. तिला ‘भुयारी रेल्वे’ म्हणत, जरी तिच्यात भुयारही नव्हते आणि रूळही नव्हते. त्या वाटेने ही पोर पेनसिल्व्हेनियात पोचली, तेथे वाढली, शिकली आणि बेंजामिन टकर टॅनर या तरुण धर्मोपदेशकाशी तिचा विवाह झाला. २१ जून १८५९ रोजी पिट्सबर्ग येथे त्यांना पहिला मुलगा झाला. सारा त्या वाटेने निसटली नसती, तर व्हर्जिनियाच्या कायद्याने हे मूल कोणा मळेवाल्याच्या मालमत्तेच्या यादीत गेले असते. तो मुलगा पुढे चित्रकार झाला. हेन्री ऑसावा टॅनर हे त्याचे नाव. आणि त्याचाच परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

‘ऑसावा’ हे मधले नाव विचित्र वाटेल. कॅन्सास प्रांतात ओसावाटोमी नावाचे गाव आहे. गुलामगिरीच्या विरुद्ध शस्त्र उचलणारा जॉन ब्राउन तेथे १८५६ साली लढला होता. त्या गावाच्या नावाचा पूर्वार्ध बापाने मुलाला दिला. मूल सहा महिन्यांचेही झाले नव्हते तोच, २ डिसेंबर १८५९ रोजी, जॉन ब्राउनला फाशी झाली. आपल्याकडे मुलाला देवाचे नाव ठेवतात, म्हणजे हाक मारताना आपोआप नामस्मरण घडते. टॅनरांच्या घरी हाकेबरोबर एका लढाईचे स्मरण घडत असे.

बाप ज्या पंथाचा उपदेशक होता त्या पंथाची जन्मकथा देवळाशी ज्यांचे जिव्हाळ्याचे नाते आहे अशा वाचकांनी मुद्दाम ऐकावी. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फिया शहरातील एका चर्चमध्ये काही कृष्णवर्णीय भाविक गुडघे टेकून प्रार्थना करीत होते. ही जागा तुमच्यासाठी नाही, असे म्हणून तेथील कारभाऱ्यांनी त्यांना प्रार्थना चालू असतानाच ओढून उठविले. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, एवढेच ते म्हणत होते. तेवढीही सवड मिळाली नाही. ती मंडळी उठली, बाहेर पडली आणि त्यांनी आपले स्वतःचे मंदिर उभारले. रिचर्ड अ‍ॅलन हा त्यांचा पुढारी. १८१६ मध्ये या मंडळींचा स्वतंत्र ‘आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल’ पंथ रीतसर स्थापन झाला. देवावर रुसून नव्हे, तर देवाला सोडायचे नाही म्हणून ती माणसे त्या दारातून बाहेर पडली होती. बेंजामिन टॅनर या पंथाच्या मुखपत्राचा अनेक वर्षे संपादक होता आणि १८८८ मध्ये तो पंथाचा बिशप झाला. अशा घरात हेन्री वाढला. घरात पुस्तके होती, प्रार्थना होती, आणि आपण कोणापेक्षा कमी नाही हा विश्वास होता. त्याची एक बहीण, हॅले, १८९१ मध्ये अलाबामा राज्यात वैद्यकीचा परवाना मिळविणारी पहिली स्त्री ठरली. आणि भाची सेडी अलेक्झांडर हिने अर्थशास्त्रातली डॉक्टरेट मिळविल्यावर पुन्हा कायद्याची पदवी घेऊन पेनसिल्व्हेनियात वकिली केली. आमच्या व्यवसायबंधूंपैकी एक म्हणून तिचा उल्लेख केल्यावाचून मला राहवत नाही.

कुटुंब फिलाडेल्फियास राहावयास आल्यावर, तेरा वर्षांचा हेन्री एके दिवशी बापाबरोबर तेथल्या मोठ्या उद्यानात फिरत असता त्याने एका चित्रकाराला झाडापुढे घोडी मांडून चित्र काढताना पाहिले. आपणही चित्रकार व्हावयाचे, हे त्याने तेथेच ठरविले. पन्नाशीला आल्यावर लिहिलेल्या आठवणींत त्याने तो प्रसंग सांगितला आहे. साल १८७२ किंवा त्याच्या आगेमागे. यानंतर वर्षभरातच, १८७३ मध्ये, इकडे पुण्यास जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना ते अर्पण केले. त्या अर्पणपत्रिकेत ज्यांच्या मुक्तीचा गौरव आहे, त्यांपैकीच एका स्त्रीचा मुलगा त्या वेळी फिलाडेल्फियात रंगांशी खेळू लागला होता.

तथापि गुलामी गेली म्हणून माणसांची मने बदलली असे झाले नाही. १८७९ च्या अखेरीस टॅनर पेनसिल्व्हेनियाच्या प्रसिद्ध कलाशाळेत दाखल झाला. टॉमस ईकिन्स हा तेथला श्रेष्ठ गुरू. त्याने या शिष्यावर माया केली आणि पुढे १९०० च्या सुमारास त्याचे एक सुंदर व्यक्तिचित्रही रंगविले. सहाध्यायांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांच्यापैकी एकाने १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत एक प्रसंग मोठ्या खुशीने सांगितला आहे: शाळेतील एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला एके रात्री इतरांनी पकडले, शाळेसमोरच्या हमरस्त्यावर नेले, क्रुसावर खिळावे तसे हात पसरून त्याच्याच चित्राच्या घोडीला बांधले आणि तसेच सोडून दिले. त्याने नाव दिलेले नाही, परंतु तो विद्यार्थी टॅनरच, असे अभ्यासक मानतात. टॅनरने स्वतः या प्रसंगाविषयी कोठे अवाक्षर लिहिले नाही. बिशपच्या मुलाला क्रुसाचा अर्थ ठाऊक होता. ज्यांनी त्याला बांधले त्यांनाही ठाऊक होता, म्हणूनच त्यांनी ती तऱ्हा निवडली.

पुढली दहा वर्षे धडपडीत गेली. १८८९ मध्ये तो अटलांटा शहरी गेला, छायाचित्रांचे दुकान काढले, ते बुडाले. त्याने काही काळ तेथल्या एका विद्यालयात शिकविले. हार्टझेल नावाच्या एका पाद्री दांपत्याने त्याच्या चित्रांचे प्रदर्शन भरविले. एकही चित्र विकले गेले नाही, तेव्हा त्या दांपत्याने सगळी चित्रे स्वतःच घेतली. त्या पैशांवर १८९१ च्या जानेवारीत तो रोमला जाण्यासाठी निघाला. वाटेत पॅरिस लागले आणि रोम राहूनच गेले. पॅरिसमध्ये आकादेमी ज्युलियां या कलाशाळेत त्याने झां-पॉल लोरांस व बेंजामें कोन्स्तां यांच्याजवळ अभ्यास केला. तेथे कोणी त्याच्या कातडीकडे पाहिले नाही. या एका वाक्यात त्याने पुढली शेहेचाळीस वर्षे परदेशात का काढली याचे उत्तर आहे. त्यावर अधिक विवेचनाची गरज नाही.

मध्यंतरी विषमज्वराने आजारी पडून तो मायदेशी परतला आणि त्या मुक्कामात त्याने जे चित्र काढले त्यामुळेच आज सामान्य अमेरिकन माणूस त्याला ओळखतो. ‘बँजोचा धडा’, १८९३. बँजो म्हणजे डफासारखे कातडे ताणलेले, लांब दांडीचे तंतुवाद्य. त्याचे मूळ आफ्रिकेत असून ते गुलामांबरोबर अमेरिकेत आले. त्या काळच्या तमाशेवाईक नाटक मंडळ्यांत गोरे नट तोंडाला काजळी फासून, हाती बँजो घेऊन, दात विचकत काळ्या माणसांची नक्कल करीत आणि प्रेक्षक पोट धरधरून हसत. शेकडो छापील चित्रांतून तोच विदूषक घरोघर गेला होता. टॅनरने तेच वाद्य घेतले. झोपडीत एक म्हातारा खुर्चीवर बसला आहे. त्याच्या गुडघ्यांमध्ये नातवाएवढा पोरगा उभा आहे. वाद्य पोराच्या अंगाहून मोठे, म्हणून म्हाताऱ्याने दांडी आपल्या हाताने तोलून धरली आहे. दोघांच्याही माना खाली वाकलेल्या. दोघांचेही डोळे त्या इवल्या बोटांकडे. मागे मेजावर पांढरे कापड व थोडी भांडी. पुढे जमिनीवर स्वयंपाकाची भांडी. एका अंगाने खिडकीचा थंड, निळसर उजेड येतो, दुसऱ्या अंगाने चुलीचा तांबूस. पोराच्या कपाळावर ते दोन्ही उजेड एकत्र येतात.

ज्यांनी पेटीवाल्या बुवांच्या मांडीशी बसून पहिले सूर गिरविले असतील त्यांना हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. त्यात हसण्यासारखे काही नाही. तसे रडण्यासारखेही काही नाही, आणि मला वाटते हेच त्याचे मोठेपण आहे. म्हातारा वयाने इतका आहे की त्याने गुलामी पाहिली असलीच पाहिजे; पोराने ती पाहिलेली नाही. एकाजवळ होते ते दुसऱ्याच्या हाती चालले आहे. पुढच्याच वर्षी त्याने ‘कृतज्ञ दरिद्री’ हे चित्र काढले: तसेच म्हातारा व पोर, पुढ्यात जवळजवळ रिकाम्या पांढऱ्या ताटल्या, आणि दोघेही जेवणाआधी डोळे मिटून देवाचे आभार मानीत आहेत. म्हाताऱ्याने जोडलेले हात कपाळाशी नेले आहेत. पोराने मात्र डोके हातावर टेकले आहे, त्याला बहुधा भूक लागली आहे. चित्राहुतीपूर्वी ताटावर बसलेली पोरे अशीच दिसतात.

ही चित्रे का काढली हे टॅनरने थोडक्यात नोंदवून ठेवले आहे. आपल्या लोकांच्या जीवनाची गंभीर व करुण बाजू दाखवावी, कारण पुष्कळ कलावंतांना फक्त हास्यास्पद बाजू दिसली आणि वरच्या खडबडीत कवचाखालचे उबदार हृदय दिसले नाही, असा त्याचा आशय. १८९३ च्या ऑगस्टमध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त भरलेल्या आफ्रिकाविषयक परिषदेत त्याने अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंतांवर निबंध वाचला. त्याच प्रदर्शनात राजा रविवर्मा यांची दहा चित्रे मांडली होती व त्यांना पारितोषिकेही मिळाली. त्याच शहरी सप्टेंबरात स्वामी विवेकानंदांचे सुप्रसिद्ध भाषण झाले. आपल्याकडे शिकागो म्हटले की एवढेच आठवते. पण त्या प्रदर्शनाच्या कारभारातून अमेरिकेच्या कृष्णवर्णीय नागरिकांना जवळजवळ वगळण्यात आले होते, आणि त्याबद्दल फ्रेडरिक डग्लस व आयडा वेल्स यांनी तेथेच पुस्तिका छापून वाटली होती. साऱ्या जगाचे स्वागत करणाऱ्या घरात घरच्यांनाच पाट नव्हता.

१८९४ मध्ये टॅनर पॅरिसला परतला, आणि येथून त्याच्या चित्रांचे विषय एकदम बदलले. म्हातारा, पोर, झोपडी ही मागे पडली. आता दानिएल सिंहांच्या गुहेत उभा राहिला, लाझारस थडग्यातून उठला, मरियेला देवदूताचा संदेश आला. ‘दानिएल’ला १८९६ च्या पॅरिस प्रदर्शनात सन्मानपूर्वक उल्लेख मिळाला. ‘लाझारसचे पुनरुत्थान’ हे १८९६ साली पुरे झालेले चित्र १८९७ मध्ये मांडले गेले, त्याला पदक मिळाले आणि फ्रान्सच्या सरकारने ते विकत घेतले. काळोख्या गुहेत माणसे दाटली आहेत. जमिनीवर कफनात गुंडाळलेला लाझारस अर्धवट उठतो आहे. एका वृद्धाने त्याचे डोके सावरून धरले आहे. येशू शेजारी शांत उभा आहे, हात खाली. चमत्काराचा कोठे गाजावाजा नाही. जो उठला त्याच्या चेहऱ्यावर आनंदही नाही, केवळ श्रम आहेत.

हे चित्र पॅरिसमध्ये रंगत होते त्याच वर्षी, १८ मे १८९६ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन या खटल्याचा निकाल दिला. होमर प्लेसी हा न्यू ऑर्लिन्सचा माणूस. लुइझियाना राज्याने १८९० मध्ये आगगाडीत गोऱ्यांना व काळ्यांना वेगळे डबे ठेवण्याचा कायदा केला होता. त्याला आव्हान देण्यासाठी प्लेसी ७ जून १८९२ रोजी ठरवून गोऱ्यांच्या डब्यात बसला आणि पकडला गेला. त्याच्या अर्जातच लिहिले होते की, त्याच्या रक्तात सात अष्टमांश गोरे व एक अष्टमांश आफ्रिकन रक्त असून तो मिश्रण बाहेरून दिसतही नाही. म्हणजे आठ पणज्या-पणजोबांपैकी एक. न्यायमूर्तींनी सात विरुद्ध एक अशा मतांनी डब्यांची वाटणी वैध ठरविली; ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व पुढे अठ्ठावन वर्षे, १७ मे १९५४ च्या निकालापर्यंत, राज्य करीत राहिले. किती अंश रक्ताने माणूस काळा ठरतो, या प्रश्नाचे उत्तर मात्र न्यायालयाने दिले नाही. कोठे दिसेल इतका अंश पुरे, कोठे चतुर्थांश लागतो. ज्या त्या राज्याने आपल्या कायद्याप्रमाणे पाहावे, असे म्हणून ते सोडून दिले. एकटे न्यायमूर्ती हार्लन भिन्नमत लिहून मोकळे झाले.

हा अपूर्णांकांचा हिशेब वाचताना मला हसू येत नाही. देवस्थानांच्या महाजनकीचे दावे ज्यांनी चालविले आहेत त्यांना वंशावळीचे कागद ठाऊक आहेत: कोणता पणजोबा कोणाचा, दत्तक केव्हा, शाखा कोठे फुटली, आणि त्यावरून उत्सवाचा मान कोणाचा, पालखीला खांदा कोणाचा. असे कागद मीही कोर्टापुढे मांडले आहेत आणि त्यांवर निकाल मिळविले आहेत. जन्माची मोजदाद ही फक्त लुइझियानाची विद्या आहे असे म्हणण्याचा अधिकार निदान मला तरी नाही.

टॅनरने विषय बदलले याची टीका झाली, आणि ती त्याच्याच माणसांनी केली. कृष्णवर्णीय विद्वान विल्यम स्कारबरो यांनी १९०२ मध्ये लिहिले की, ‘बँजोचा धडा’ पाहून आमच्या जीवनाचा चित्रकार आम्हाला लाभला अशी आशा पुष्कळांना वाटली होती. ती फळली नाही. १९२५ मध्ये हार्लेमच्या नव्या चळवळीचे तत्त्वज्ञ अ‍ॅलन लॉक यांनी याच मुद्द्यावर अधिक स्पष्ट नाराजी दाखविली: एवढा मोठा कलावंत, पण स्वजनांच्या चित्रणाची परंपरा त्याने उभी केली नाही. हा आक्षेप पोकळ नाही. ज्या चित्राने विदूषकाचा मुखवटा उतरविला त्याच्यासारखी आणखी वीस चित्रे निघाली असती तर अमेरिकेच्या घरोघरच्या भिंतींवर काय फरक पडला असता, हा प्रश्न मलाही पडतो. उत्तरायुष्यात टॅनरने निळ्या-हिरव्या छटांच्या पुष्कळ धार्मिक रात्री रंगविल्या. त्यांपैकी काही एकमेकींच्या नकला वाटतात, हेही कबूल केले पाहिजे.

परंतु आरोपीची बाजू ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये. १९१४ मध्ये शिकागोच्या एका लेखिकेने त्याच्या कलेवर लेख लिहिताना त्याच्या वंशाचा उल्लेख केला, तेव्हा त्याने तिला पत्र पाठविले. त्याचा आशय असा: माझ्या अंगात तीन चतुर्थांश इंग्रज रक्त आहे, ते कशाच्याच हिशेबी नाही काय? आणि चतुर्थांश वा अष्टमांश निग्रो रक्त तेवढे सर्वस्व ठरावे काय? याच हिशेबाने मला देशाबाहेर घालविले, तरी माझे हृदय जेथे आहे तेथे मी राहू शकत नाही याचे मला कधी कधी दुःख होते. प्लेसीच्या अर्जातला अष्टमांश येथे पुन्हा आला आहे. फरक इतकाच की प्लेसीने तो आकडा कोर्टाला दाखविला, टॅनरने तो आकडाच नाकारला. आपल्या लोकांची त्याला लाज होती असे यावरून म्हणणारे म्हणतात. १९१७ मध्ये बुकर वॉशिंग्टन यांचे व्यक्तिचित्र रंगविणारा, १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर आलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिकांची रेखाटने करणारा हा माणूस स्वजनांना विसरला होता हे मला पटत नाही. हेल वुडरफ, विल्यम जॉन्सन यांच्यासारखे तरुण कृष्णवर्णीय चित्रकार विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्याला भेटण्यासाठी फ्रान्समधील त्याच्या दारी जात, ते कशासाठी?

आणि त्याने निवडलेले धार्मिक विषय नीट पाहिले म्हणजे ते कोठून आले हे कळते. दानिएलची कथा गुलामांच्या मळ्यांवरील भक्तिगीतांत पिढ्यान्पिढ्या गायिली गेली होती. देवाने ज्याला सिंहांच्या तोंडून सोडविले तो आम्हांलाही सोडवील, असा तिचा अर्थ त्या गाणाऱ्यांच्या मनी होता. निकोदेमस हा यहुद्यांचा एक प्रतिष्ठित गृहस्थ लोकभयास्तव रात्रीच्या वेळी येशूकडे उपदेशासाठी आला, अशी बायबलात कथा आहे. गुलामांना वाचावयास शिकविणे अनेक दक्षिणी राज्यांत गुन्हा होता. त्यांच्या प्रार्थनासभा रात्री, रानात, चोरून भरत. रात्री येणारा निकोदेमस त्यांना आपल्यातलाच वाटे. टॅनरने १८९९ मध्ये तो रंगविला: जेरुसलेममधील घराची गच्ची, चंद्राचा निळा उजेड, पांढऱ्या दाढीचा म्हातारा ऐकतो आहे, आणि जिन्यातून वर आलेला दिव्याचा उजेड येशूच्या छातीवर पडला आहे. ‘बँजोच्या धड्या’तले दोन उजेडच येथे पुन्हा भेटतात, निळा आणि तांबूस, शिकविणारा एक, ऐकणारा एक. माणसे बदलली, घर बदलले, प्रसंग तोच आहे. या चित्राला १९०० साली लिपिनकॉट पारितोषिक मिळाले आणि ते विकत घेतले गेले, ते पेनसिल्व्हेनियाच्या त्याच कलाशाळेने, जिच्या दारासमोरच्या रस्त्यावर तो घोडी घेऊन बांधला गेला होता.

‘लाझारस’ पाहून प्रसन्न झालेल्या रॉडमन वॉनामेकर या व्यापाऱ्याने टॅनरला १८९७ मध्ये इजिप्त व पॅलेस्टाइनच्या प्रवासाचा खर्च दिला. ज्या भूमीत त्या कथा घडल्या तेथली घरे, गालिचे, भिंतींचा रंग त्याने पाहून घेतला आणि १८९८ मध्ये ‘शुभसंदेश’ हे चित्र प्रदर्शनात ठेवले. युरोपात हा विषय शतकानुशतके रंगविला गेला आहे: संगमरवरी दालन, निळ्या वस्त्रातली राणीसारखी मरिया, मस्तकामागे तेजोवलय, समोर पंखांचा देवदूत. टॅनरच्या चित्रात एका गरिबाच्या घरातली सोळासतरा वर्षांची पोर विस्कटलेल्या अंथरुणाच्या कडेला बसली आहे. अंगावर पट्ट्यापट्ट्यांचे जाडेभरडे वस्त्र. त्याखालून पायाची बोटे डोकावतात. जमिनीवरच्या गालिच्याला सुरकुती पडली आहे. तेजोवलय नाही. देवदूत नाही, पंख नाहीत. डाव्या बाजूला जमिनीपासून वरपर्यंत सोनेरी प्रकाशाचा एक उभा स्तंभ आहे, आणि ती त्याच्याकडे पाहते आहे. भीती संपलेली नाही, संमती आलेली नाही, अशा मधल्या क्षणी.

पॅरिसच्या समीक्षकांना हे नवल वाटले असेल. आपल्याला वाटू नये. ज्योतिर्लिंगाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो: आदि-अंत नसलेला तेजाचा स्तंभ, ज्याचे टोक ब्रह्मदेवाला सापडले नाही आणि मूळ विष्णूला. गोव्यातील देवळांपुढचे दीपमाळांचे उंच मनोरे उत्सवाच्या रात्री पेटले म्हणजे अंगणात उभ्या असलेल्या माणसाला गाभाऱ्यातल्या मूर्तीआधी तो प्रकाशच दिसतो. टॅनरला आपल्या पुराणांची माहिती असेल असे मी मुळीच सुचवीत नाही. देवाला चेहरा द्यावयाचा तर कोणाचा, आणि त्या चेहऱ्याचा वर्ण कोणता, हा प्रश्न रक्ताचे अंश मोजणाऱ्या देशात जन्मलेल्या चित्रकारापुढे आमच्यापेक्षा फार कठोरपणे उभा होता. युरोपने देवदूत नेहमी गोराच रंगविला होता. टॅनरने देवदूतच काढून घेतला. प्रकाशाचे अष्टमांश पाडता येत नाहीत.

पुढला वृत्तान्त थोडक्यात सांगतो. १८९९ मध्ये त्याने जेसी ओल्सन या अमेरिकन गोऱ्या गायिकेशी लंडनमध्ये लग्न केले. असा विवाह त्या काळी त्याच्या देशातील अनेक राज्यांत दंडनीय होता. १९२३ मध्ये फ्रान्सने त्याला ‘लेजियों दॉनर’ हा बहुमान दिला. १९२५ मध्ये पत्नी वारली. २५ मे १९३७ रोजी तो पॅरिसमध्ये निधन पावला. शहराजवळील सो येथे पत्नीशेजारी त्याचे दफन झाले. त्याने १८८५ च्या सुमारास काढलेले अटलांटिक सिटीच्या वाळूच्या टेकड्यांचे एक निसर्गचित्र अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानातील कायम संग्रहासाठी १९९५ मध्ये घेण्यात आले. कृष्णवर्णीय चित्रकाराचे तेथे गेलेले ते पहिले चित्र.

एक चित्र सांगावयाचे मुद्दाम मागे ठेवले होते. १८९७ मध्ये, पॅलेस्टाइनचा पहिला प्रवास व ‘शुभसंदेश’ यांच्या दरम्यान, टॅनर फिलाडेल्फियास घरी जाऊन आला आणि त्याने आईला समोर बसवून रंगविले. काही वर्षांपूर्वी व्हिस्लर या चित्रकाराने काढलेले स्वतःच्या आईचे चित्र फ्रान्सच्या सरकारने विकत घेतले होते व त्याची कीर्ती सर्वत्र झाली होती. टॅनरने तीच बैठक घेतली: म्हातारी बाई, खुर्ची, एका बाजूने दिसणारा चेहरा. पण व्हिस्लरची आई भिंतीसारखी ताठ बसली आहे. साराबाई खुर्चीत किंचित रेलल्या आहेत, खांद्यावर शाल आहे, हात गालाशी गेला आहे, आणि मागच्या काळोखातून येणारा उबदार उजेड त्यांच्या चेहऱ्यावर स्थिरावला आहे. जिच्या स्थितीवरून मुलाची स्थिती ठरावी असे व्हर्जिनियाच्या कायद्याने सांगितले होते, ती ही आई.

‘शुभसंदेश’ फिलाडेल्फिया शहराने १८९९ मध्ये विकत घेतला. आईचे चित्रही पुढे त्याच शहराच्या संग्रहालयात आले. होणाऱ्या मुलाची वार्ता ऐकणारी ती पोर आणि ही वृद्ध बाई, दोघी आज एकाच संग्रहात आहेत.